बिनक्लचची गाडी

क्लच नसलेली गाडी म्हणजे काय, हे त्या काळी आमच्या ओळखीत कुणालाच माहीत नव्हतं, आणि तिच्याबद्दल मत मात्र प्रत्येकाला होतं. सोसायटीचे चेअरमन म्हणायचे, असल्या गाड्या आपल्या रस्त्यांसाठी नसतातच. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणायचे, त्यानं माणूस आळशी होतो. पप्पांच्या कचेरीत कुणी तरी सांगितलं, की त्या पेट्रोल फार पितात, आणि पप्पांनी ते ऐकलं त्या दिवसापासून आमच्या घरातली शांतता संपली. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला जायचे, कारण तेव्हा सगळेच जायचे. दमून घरी यावं, तर कुकरच्या शिट्ट्यांच्या वर आवाज चढवून आईपप्पा गिअर आणि पेट्रोल यांवर बोलत असायचे. आज माझ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये निम्म्या गाड्या बिनक्लचच्या आहेत. पोरं एका हातात फोन धरून त्या चालवतात. त्यांना पाहिलं की मला अजूनही उगाचच राग येतो.

आमच्याकडे गाडी हौसेनं आली नव्हती. आईचा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेला होता. त्या पायाला मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर बांधून ती चालायची. येरवड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळी जाग यायची ती त्याच्या खटक्यानं, आणि त्याच्या मागोमाग भाकरी थापल्याचा आवाज. वाघोलीच्या बाजूला नवीन निघालेल्या एका कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची. बसची पायरी तिच्यासाठी उंच, आणि ती एका पायावर चढत असतानाच कंडक्टर डबल बेल द्यायचा. रिक्षावाले वाघोली म्हटलं की मान फिरवून निघून जायचे. प्रयोगशाळेत पोरं तिची वाट पाहत उभी राहायची, आणि प्राचार्य कधी काही बोलायचे नाहीत, फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचे. एका रविवारी बुद्धवंदना झाल्यावर, पप्पा सुकटीची चटणी आणि भाकरी खात असताना, आईनं सांगून टाकलं की आता ती स्वतःची गाडी घेणार आणि स्वतः चालवणार. क्लच दाबायला डावा पाय लागतो, तो तिच्याकडे नव्हता. म्हणून बिनक्लचची.

नव्या गाड्यांच्या जाहिरातींनी तेव्हा वर्तमानपत्रं भरून वाहत होती, पण क्लच नसलेली आणि आमच्या ऐपतीतली अशी त्यांत एकही नव्हती. मग दिनूकाका मध्ये पडला. हा पप्पांचा धाकटा भाऊ. वाघोलीच्या पुढे जमिनींचे प्लॉट पाडून विकायचा आणि जगातली कुठलीही वस्तू आपल्या ओळखीनं मिळते असं मानायचा. आखातातून परतलेल्या कुणा गृहस्थाची जपानी गाडी त्यानं शोधून काढली. हिवाळ्यातल्या सकाळी, सपाट रस्त्यावर, जेमतेम दोन चौक फिरवून आणली. गाडी लोण्यासारखी चालली. काका म्हणाला, वहिनी, डोळे झाकून घ्या. आम्ही खरोखरच डोळे झाकून घेतली. वर काकानं स्वतःच्या खर्चानं तिला रिव्हर्सची धून बसवून दिली. मागे घेताना गाडी नाजूक घंट्यांच्या आवाजात गाणं म्हणायची. मला त्या गाण्याची लाज वाटायची. आईला वाटत नसे. पहिल्या दिवशी ती एकटी वाघोलीला जाऊन आली, तेव्हा तिनं दारातच पर्स खाली ठेवली आणि सरळ जाऊन चहाला आधण ठेवलं. तिच्या पाठीवरूनच कळत होतं, ती हसत होती.

हे सुख टिकवायचं असतं, तर पप्पांना गाडीच्या जवळ जाऊ द्यायला नको होतं. पप्पा सरकारी कचेरीत दुसऱ्यांच्या खर्चातली उधळपट्टी शोधायचे, आणि तीच नजर घेऊन घरी यायचे. रविवारी गाडी ते चालवायचे. तारकेश्वराच्या टेकडीवरून बंडगार्डनच्या पुलाकडे उतार लागला, की ते गिअर न्यूट्रलला टाकायचे, आणि गाडी फुकट धावते आहे या आनंदात मान डोलवायचे. उतार संपला की धावत्या गाडीतच पुन्हा पुढचा गिअर. खालून धाडकन आवाज यायचा. मागे घेऊन पुढे जायचं असेल, तर गाडी थांबायचीही वाट पाहायची नाही. आई सांगायची, अहो, आधी पूर्ण थांबू द्या. पप्पा म्हणायचे, आपण स्कूटर इतकी वर्षं चालवली. स्कूटरचा इथे काय संबंध, हे विचारण्यात अर्थ नव्हता. मी विचारून पाहिलं होतं.

उन्हाळा लागला तसा गाडीचा स्वभाव बदलला. सकाळी ती शहाण्यासारखी जायची. दुपारी परतताना मात्र इंजिन गरजायचं आणि गाडी पुढे सरकायचीच नाही, मग एकदम हिसका देऊन निघायची. आईनं आठ-पंधरा दिवस हे नीट पाहिलं आणि घरी सांगितलं, की गाडी थंड असताना बरी असते, तापली की घसरते. आम्ही ती तीन गॅरेजांत नेली. एकानं प्लग बदलले. दुसऱ्यानं कार्बोरेटर साफ केला. तिसऱ्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि मॅडमना चालवता येत नसेल, असं पप्पांना सांगितलं. मॅडम शेजारीच उभ्या होत्या.

मग तो मार्केट यार्डातला रविवार आला. कांदे-बटाटे पोत्यानं घ्यायचे, हा पप्पांचा हट्ट. त्या दिवशी आई चालवत होती. उन्हानं गाडी आतून भट्टी झाली होती. गाळ्यांच्या रांगेत शिरलो, तर समोर कांद्याचा ट्रक रिकामा होत होता आणि पुढे वाट नव्हती. मागे घ्यायला हवं होतं. आईनं गिअर रिव्हर्सला टाकला. गाणं सुरू झालं. डोक्यावर पोती घेतलेले हमाल बाजूला झाले, हातगाडीवाल्यानं गाडी वळवून घेतली, पप्पा खाली उतरून मागे गेले आणि हात हलवत, येऊ द्या, येऊ द्या, असं ओरडायला लागले. गाडी जागची हलली नाही. आईनं गिअर काढला, पुन्हा टाकला. पुन्हा गाणं, पुन्हा सगळे बाजूला, पप्पांचं पुन्हा येऊ द्या, आणि गाडी तिथेच. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. मागे टेम्पोंची रांग लागली. शेवटी एक थोराड हमाल खिडकीशी वाकला आणि अगदी सौजन्यानं म्हणाला, "बाई, गाणं तेवढं बंद करा. आम्ही ढकलतो."

चौघापाच जणांनी मिळून आईसकट गाडी मागे ढकलली. आई स्टिअरिंग धरून ताठ बसली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. पुढचे गिअर पडत होते, म्हणून कसेबसे घरी पोहोचलो. कांदे घ्यायचे राहिले, आणि पप्पांनी ते येरवडा येईपर्यंत दोनदा बोलून दाखवलं.

मला वाटलं, आई वर जाऊन पडेल. तिनं इंजिन चालूच ठेवलं, बॉनेट उघडायला लावलं आणि मला तिच्या कॉलेजच्या बॅगेतून गाळणकागद आणायला सांगितलं. या गाड्यांच्या गिअरला वेगळं तेल लागतं, तांबडं आणि पातळ. त्याचा एक सीलबंद डबा तिनं आठवड्यापूर्वीच आणून ठेवला होता. गिअरच्या तेलाची पट्टी तिनं बाहेर काढली आणि कागदावर एक थेंब टेकवला. शेजारी नव्या तेलाचा थेंब टाकला. नवा थेंब कुंकवासारखा लाल पसरत गेला. आमचा थेंब काळपट तपकिरी, जागीच बसून राहिला, आणि त्याच्या मधोमध बारीक काळी कणी उरली. तिनं बोट नाकाशी नेलं, मग माझ्या नाकाशी धरलं. करपलेल्या डाळीचा वास. बोटं एकमेकांवर घासली तर काकवीसारखी चिकटत होती.

"यात कुणी तरी जाड तेल ओतलंय," ती म्हणाली. "गिअरच्या आतल्या चकत्या आधीच झिजलेल्या होत्या. जाड तेलानं गाडी काही दिवस पकड घेते. आपल्याला विकण्यापुरती चालावी, एवढ्यासाठी केलंय हे. आणि उरलेलं तुमच्या उतारावरच्या न्यूट्रलनं केलं."

म्हणजे शेवटी माझंच चुकलं, असं म्हणून पप्पा वर निघून गेले. एवढं स्पष्ट निदान झाल्यावर त्यावर काही उपाय व्हावा, असं मला वाटत होतं. उपाय घेऊन दिनूकाका आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. ज्या अवस्थेत आपल्याला मिळाली, त्याच अवस्थेत पुढे द्यायची. वर्तमानपत्रात तीन ओळींची जाहिरात द्यायची, सकाळी लवकर बोलवायचं, सपाट रस्त्यावर फिरवायचं. आईनं ठाम नाही म्हटलं. पप्पा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. पंख्याकडे पाहत बसले. पप्पा पंख्याकडे पाहायला लागले की काय होणार हे मला कळायला हवं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी खालून रिव्हर्सचं गाणं ऐकू आलं. मी गॅलरीत धावले. जी गाडी आठवडाभर मागे सरकत नव्हती, ती छान मागे येत होती. काका शेजारी बसून हातवारे करत होता, पप्पा गेटपाशी उभे होते, आणि चालवणारा माणूस मला अनोळखी होता. आई कॉलेजात असताना काकानं पुन्हा जाड तेल भरलं होतं, हे मागाहून कळलं. गाडी थांबली, दार उघडलं, आणि आधी एक कुबडी बाहेर आली. मग तो माणूस. पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, पिळदार मिशा. डाव्या पायाची पँट गुडघ्याच्या खाली दुमडून पिन लावलेली.

आई माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिनं खाली पाहिलं. मग कॅलिपर बांधायला बसली, आणि पट्ट्या नेहमीपेक्षा करकचून आवळल्या. रागानं, हे मला तिच्या मानेवरून कळलं.

खाली पोहोचेपर्यंत ओळख झाली. सुभेदार शेळके. सीमेवर सुरुंगात पाय गेलेला. वाघोलीला घर बांधून राहिलेले. बायकोला साखरेचा आजार, आठवड्यातून दोनदा दवाखाना, आणि रिक्षा मिळत नाही. ते सगळं पप्पांना आधीच फोनवर सांगून झालं होतं. गाडी त्यांना फार आवडली होती. गाणंही आवडलं होतं.

आईनं त्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, गाडी अजून तापलेली नाही, आपण कात्रजच्या जुन्या घाटापर्यंत जाऊन येऊ. काका म्हणाला, वहिनी, एवढ्या उन्हात कशाला. आई त्याच्याकडे न बघता ड्रायव्हरच्या जागेवर बसली. सुभेदार शेजारी, मी मागे. सातारा रस्त्याला लागलो तेव्हा सूर्य चांगलाच वर आला होता. घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत गाडी बरी गेली. दुसऱ्या वळणावर इंजिन एकदम मोठ्यानं ओरडायला लागलं, आणि गाडी रांगायला लागली. आईनं ती कडेला घेतली, हातब्रेक ओढला आणि सगळं सांगितलं. जाड तेल, करपलेला वास, घसरणाऱ्या चकत्या, मार्केट यार्ड. आजचं तेल कुणी भरलं असणार तेही. काही वगळलं नाही, आणि पप्पांना वाचवायचा प्रयत्नही केला नाही. मी मागे बसून पायाखालच्या रबरी मॅटकडे पाहत होते.

सुभेदारांनी हात पुढे करून गिअरच्या दांड्यावर ठेवला. मग म्हणाले, "ताई, हे तुम्ही खालीच सांगितलं आस्तं, तरी मी इस्वास ठेवला आस्ता."

"ठेवला असतात," आई म्हणाली, "पण दुसरी गाडी बघायला जाल, तेव्हा तुम्हाला ओळखता आलं नसतं. हा आवाज लक्षात ठेवा."

गाडी निवेपर्यंत आम्ही तिथे रसवंतीवाल्याच्या बाकड्यावर बसलो. दोघांनी आपापला पाय पुढे पसरला होता. सुभेदार विचारत होते, तेलाचा रंग कसा पाहायचा, वास कसा घ्यायचा, आणि आई वर्गात सांगावं तसं सांगत होती. तेल इंजिन चालू ठेवून बघायचं. गिअर टाकल्यावर गाडी लगेच ओढ घ्यायला हवी, उशीर लागला तर समजायचं. सपाट रस्त्यावर कुठलीही गाडी चांगलीच चालते.

दुपारी घरात जो सीन व्हायचा तो झाला. काका तोवर पसार झाला होता. पप्पा म्हणाले, आता ठेव ती गाडी शोकेसमध्ये. जग असंच चालतं, आपल्यालाही कुणी तरी फसवलंच ना. आई कॅलिपरच्या पट्ट्या सोडत बसली होती. तिनं वर पाहिलं.

"अहो, ही गाडी घ्यायला कोण येणार होतं? दोन्ही पाय धड असलेला माणूस येणार होता का? जो येईल तो माझ्यासारखाच असणार, एवढं तुमच्या लक्षात आलं नाही?"

पप्पांनी ताटं मांडायला घेतली. रविवारचं मटण झालं होतं. कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. मी एकटीनं घेतलं आणि मला ते खाताना स्वतःचाच राग आला. सत्य सांगून झालं होतं, पण गाडी बंदच होती, आणि सोमवारी आईला पुन्हा बसच होती. त्या वयात मला हे असह्य वाटायचं, की माणूस बरोबर वागला तरी त्याचं काहीच सुटत नाही.

सोमवारी सकाळी आई निघाली, तर पप्पा चपला घालून तयार. तिच्याबरोबर स्टॉपवर गेले. बस आली तशी पुढे होऊन कंडक्टरच्या दारात उभे राहिले आणि आई नीट बसेपर्यंत हललेच नाहीत. कंडक्टर काय बोलला असेल ते बोलला असेल. दुसऱ्या दिवशीही गेले, तिसऱ्या दिवशीही. घरात दोघं जेमतेम बोलत होती, पण हे चालू राहिलं, पावसाळा सरला तरी.

गाडीचा गिअरबॉक्स शेवटी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये उघडला. आतल्या चकत्या कोळशासारख्या काळ्या निघाल्या. तसल्या चकत्या इथे मिळेनात. चेअरमनसाहेबांचा मुलगा तेव्हा कंपनीच्या प्रोजेक्टवर अमेरिकेत गेला होता. त्याला फोन करून नाव-नंबर कळवले, आणि तो सुट्टीला आला तेव्हा चॉकलेटांच्या डब्याखाली कपड्यांत गुंडाळून आमच्या गाडीच्या चकत्या आणि सीलं घेऊन आला. असल्या गाड्या आपल्या रस्त्यांसाठी नसतातच, असं म्हणणारे चेअरमनसाहेब त्यानंतर वर्षभर प्रत्येकाला सांगत होते, की ही गाडी आमच्या चिरंजीवांनी चालू केली.

गाडी आली, तेल तांबडंलाल झालं, आईनं दोनदा घाट चढून खात्री केली. मग तिनं पप्पांना शेजारी बसवून नियम सांगितले. उतारावर न्यूट्रल नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय गिअर बदलायचा नाही. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही, ब्रेक लावायचा. तेल दर महिन्याला पाहायचं, ठरलेल्या वेळी बदलायचं, आणि बंद पडली तर दोर बांधून ओढत न्यायची नाही, उचलूनच न्यायची. पप्पा प्रत्येक नियमानंतर पेट्रोलचं काय, असं विचारत होते. आई प्रत्येक वेळी नुसती पाहत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी क्लासहून घरी आले, तर पप्पा फोनवर होते आणि आई स्वयंपाकघराच्या दारात हातात कालथा घेऊन निश्चल उभी होती. तिनं मला गप्प राहण्याची खूण केली. पप्पा सुभेदारांशी बोलत होते. फोन त्यांनीच लावला होता. "नाही, उतारावर न्यूट्रल अजिबात करू नका," ते सांगत होते. "मी करायचो. त्यानंच आमची गाडी गेली. आणि त्या दिवशी मी तुम्हाला जे दाखवलं, ते दाखवायला नको होतं." मग पलीकडून सुभेदार काही सांगू लागले. फोन ठेवल्यावर आम्हा दोघींना पाहून दचकले, आणि एकदम चिडून म्हणाले, की सुभेदारांनी दुसरी एक गाडी पाहिली आहे, ती आईनं चालवून बघावी अशी त्यांची इच्छा आहे, रविवार जाणार आता.

रविवार गेलाच. घाटाच्या पायथ्याशी सुभेदार आपल्या बायकोला घेऊन आले होते. त्या गाडीचा मालक हडपसरचा एक गोड बोलणारा गृहस्थ होता, आणि गाडी घरची मुलगी असल्यासारखी सांभाळली आहे, असं त्यानं दोनदा सांगून झालं होतं. आईनं तेल पाहिलं, हुंगलं, गाळणकागदावर थेंब टाकला, मग एकटीच घाट चढून गेली. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे. मालक तिसऱ्यांदा घरच्या मुलीचं सांगायला लागला तेव्हा पप्पा त्याला म्हणाले, "बाई खाली येईपर्यंत आपण काहीच बोलू नये, हे बरं." सुभेदार कुबडीवर भार देऊन वरच्या वळणाकडे कान लावून होते. त्यांच्या बायकोनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. तिला काय झालं आहे ते मला माहीत होतं, पण त्या गाडीवर तिचे किती दिवस अवलंबून होते, हे मला तेव्हाच पहिल्यांदा दिसलं.

वरून गाडी उतरली, अगदी सावकाश. आमच्यासमोर पूर्ण थांबली. आईनं गिअर रिव्हर्सला टाकला, गाडी लगेच मागे सरकली. पुन्हा पूर्ण थांबली, पुन्हा पुढे. तिनं इंजिन बंद केलं, आधी हातानं डावा पाय उचलून बाहेर ठेवला, मग स्वतः उतरली, आणि किल्ली सुभेदारांच्या हातात दिली.

"घ्या," ती म्हणाली.